बारक्यांची घसरण

५ जानेवारी, सोमवार

एक्केचाळीस वर्षांच्या नोंदी बारा आठवड्यांत एका फाइलीत आणायच्या, हे संचालिकाबाईंनी मला आज जिन्यात सांगितलं. त्या वर चालल्या होत्या, मी खाली. "जरा बघ ना तेवढं," म्हणाल्या. बाईंचं 'जरा' मला चांगलं माहीत आहे. मागच्या 'जरा'त माझी अख्खी वार्षिक रजा गेली होती.

जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे ते शेवाळं का?" बावीस वर्षं झाली, अजून शेवाळं. मग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दर सोमवारी आमची बोट समुद्रात एका ठरलेल्या जागी जाते, आठ बाटल्या पाणी भरून आणते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती असतात, त्यांना प्लवक म्हणतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. पहिली एकोणीस वर्षं मास्तरांनी मोजल्या, पुढची अकरा मी, त्यानंतर मी लिहिलेली पुस्तिका समोर ठेवून दुसऱ्या दोघांनी. आता जगभरातल्या अशा केंद्रांच्या नोंदी एकत्र होणार आहेत. आमच्या ३१ मार्चच्या आत गेल्या तर त्यात बसतील. नवरा म्हणाला, "बरं. भाजी वाढ."

म्हणून ही वही पुन्हा काढली. नोकरीला लागल्यापासून डायरी लिहीत होते, गेली काही वर्षं कंटाळा केला. पण राग कुठेतरी ओतायला हवा, नाहीतर घरातल्यांवर निघतो.

८ जानेवारी, गुरुवार

तळघरातल्या कोठीतून मास्तरांच्या वह्या वर आणल्या. वर्षाला दोन, अशा अडतीस. दोन खेपांतच कंबर बोलायला लागली. शिपाई सुट्टीवर, लिफ्ट बंद, आणि बंद लिफ्टवर 'लवकरच सुरू होईल' अशी पाटी, तीही आता पिवळी पडली आहे.

मास्तर म्हणजे आमचे पहिले मोजणारे. मास्तर कधीच नव्हते कुठे, पण कोणी आकडा चुकवला की असे बघत की समोरच्याने आपोआप हात पुढे करावा. पन्नाशीतच दिसायला म्हातारे, शनिवार-रविवारीही कामावर. अक्षर बारीक, पेन्सिल फिकी. तारखेत महिना कधी आधी, कधी नंतर. ४/५ म्हणजे मे की एप्रिल, हे ठरवायला मी सोमवार मोजत बसते. पानांना आयोडीनचे तपकिरी डाग. डागाखाली सहा आहे की आठ, देव जाणे.

आणि प्रत्येक पानावर एक बिननावाचा रकाना. त्यात काय, तर तीन उभ्या रेघा. एकोणीस वर्षं, दर पानावर, तीन रेघा. त्याही एका पेनाने नाहीत. एक निळी, एक पेन्सिलीची, एक काळी. माणसाला तीन रेघा मारायला तीन पेनं लागत होती. माझ्याकडे काम आलं तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात हा रकाना काढून टाकला होता. जो आकडा कधी बदलत नाही तो लिहायचा कशाला?

१३ जानेवारी, मंगळवार

आज व्हिडिओवर आकडेशास्त्रज्ञाशी पहिली भेट झाली. संकलनवाल्यांनी आमच्यासाठी नेमलेला माणूस. चाळिशी ओलांडलेला, अतिशय सभ्य, आणि सभ्यपणाने छळतो. पाण्याचं तापमान 'अठरा' लिहिलं तर विचारतो, "अठरा पूर्णांक किती?" मी मनातल्या मनात त्याचं नाव दशांश ठेवलं आहे.

दशांशला प्रत्येक आकड्यापुढे एक खूण हवी आहे. 'विश्वासार्ह', 'संशयास्पद' किंवा 'वापरू नये'. म्हटलं, माझ्या अकरा वर्षांत मी ते आधीच केलंय. फक्त पाच सोमवार संशयास्पद आहेत, बाकी स्वच्छ. त्याने लगेच ते पाच सोमवार पडद्यावर काढले. त्यांत बारक्यांचा आकडा एकदम दुप्पट झालाय.

बारके हा आमच्या प्रयोगशाळेतला शब्द. मोठे म्हणजे नक्षीदार कवचाचे डायटम, बारके म्हणजे शेपटीवाले एवढेएवढेसे जीव. समुद्रात खरी गर्दी बारक्यांचीच.

"असं का झालं असेल?" दशांशने विचारलं. मोजायची काचेची नळी नीट धुतलेली नसेल, मी म्हणाले. पाचही वेळा? पाचही वेळा, म्हटलं. त्याने काहीतरी टिपून घेतलं. मला माणसं काही न बोलता टिपून घेतात त्याचा भयंकर राग येतो.

२२ जानेवारी, गुरुवार

डोकं भणभणतंय. दशांशने आज आमच्या आलेखालाच हात घातला.

आमच्या केंद्राच्या प्रवेशाशी एक आलेख चौकटीत लावला आहे. 'बारक्यांची घसरण'. एकोणीस वर्षं रेघ वर, विसाव्या वर्षी ती निम्म्यावर कोसळते आणि पुढे हळूहळू खालीच जाते. मास्तरांच्या शेवटच्या फेब्रुवारीत भिंगाखाली आखलेल्या पन्नास चौकटींत नऊशे चाळीस बारके, माझ्या पहिल्या फेब्रुवारीत चारशे साठ. समुद्र बदलल्याचा तो पुरावा. त्यावर माझा लेख आहे, सगळीकडे त्याचा उल्लेख होतो, माझी बढती त्याच लेखावर झाली. पाहुणे आले की बाई त्यांना आधी त्या चौकटीपुढे उभं करतात आणि मग मला बोलावतात.

दशांश म्हणतो, घसरण नेमकी त्याच महिन्यात कशी, ज्या महिन्यात मोजणारं माणूस बदललं? एकतर समुद्र बदलला, नाहीतर मोजणं. मी म्हटलं, मोजणं बदललं असेल तर ते सुधारलं. मास्तर जुन्या वळणाचे होते. पाण्यात आयोडीन घालून ते उभ्या काचेच्या नळीत ओततात, प्लवक तळाशी बसतात, मग खालून भिंग लावून मोजतात. नळ्या चार आणि बाटल्या आठ, म्हणजे दोन फेऱ्या. मास्तर एकेका फेरीला आठवड्यातले तीन-तीन दिवस घालवायचे. पाणी ओतून ठेवलं की नुसते बसून. मी सोमवारी चारला ओतायची, मंगळवारी नऊला मोजायला बसायची. त्यांचा आठवडा मी तीन दिवसांवर आणला. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं.

दशांशने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीन दिवस ते काय करत असतील?"

मी कशाला सांगू? मी काय त्यांची बायको होते?

४ फेब्रुवारी, बुधवार

बाई, दशांश आणि मी. ठरलं असं की एका फाइलीत दोन पद्धती बसत नाहीत. कोणाच्या तरी बारक्यांपुढे 'वापरू नये' लागणार. मास्तरांकडे लिखित पद्धत नाही, माझी पुस्तिका आहे आणि तिच्यावर बावीस वर्षं काम झालंय. म्हणजे मास्तरांची एकोणीस वर्षं जाणार. २० तारखेच्या बैठकीत पक्कं करायचं.

बाईंनी विचारलं, मग आलेखाचं काय? दशांश म्हणाला, विसाव्या वर्षानंतरचा उतार उरेल. कोसळणं नाही उरणार. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, उतार तर उतार, खरा तेवढाच ठेवू. मनाचा मोठेपणा दाखवल्याचं समाधानही वाटलं.

मास्तरांबद्दल वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण वाटायला हवं होतं.

दशांशची आणखी एक अट आहे. मोजणारा हयात असेल तर त्याची सही हवी की त्याला विचारलं होतं. मास्तर हयात आहेत. एक्क्याऐंशी. हे काम अर्थातच माझ्या गळ्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा फोन आला. तिला बढती मिळत्येय, पण रोज घरी यायला आठ वाजतील, आणि तिची पोर आता दोन वर्षांची. काय करू, म्हणाली. तुझं तू ठरव, म्हटलं. तर म्हणाली, "आई, पाळणाघरात सगळ्यांत आधी तू यायचीस. मी खिडकीत उभी राहायचे, आणि तू दिसायचीसच. बाकीची पोरं रडायची."

हो, तर काय. साडेपाचला ते दार बंद व्हायचं. पाचला हातातलं टाकून निघायचे मी. एक दिवस चुकवला नाही. सांगताना बरं वाटलं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट बरी होती, कारण आज प्रिंटरने माझी चाळीस पानं खाल्ली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांकडे जाऊन आले. जायलाच नको होतं.

दार त्यांच्या सुनेने उघडलं. "ताई, ओरडून बोलू नका हं, त्यांना ऐकू सगळं येतं. दिसत नाही फक्त." मास्तर खिडकीशी खुर्चीत. वीस वर्षं भिंगातून बघितलेले डोळे, आता खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं त्यांना. माझा आवाज लगेच ओळखला. केंद्र, बोट, कोण गेलं, कोण आहे, सगळं विचारलं. मी कागद काढून कामाचं बोलले. तुमच्या बारक्यांच्या नोंदी वापरता येणार नाहीत, म्हटलं. गोल गोल बोलून काय उपयोग.

ते चिडतील असं वाटलं होतं. नाही चिडले. "एक पान वाच," म्हणाले. मी सोबत आणलेल्या वहीतलं पान वाचलं, सहावं वर्ष, मेचा तिसरा सोमवार. ते ओठ हलवत ऐकत होते. मग म्हणाले, आता तुझं वाच. मी माझ्या छापील पानांतलं एक वाचलं.

"रेघा वाच."

रेघा नाहीत म्हटलं, तो रकाना मी काढला.

"मग किती रात्री ठेवलं, ते कसं कळतं?"

म्हणजे त्या रेघा रात्रींच्या होत्या. रोज सकाळी येऊन नळी हललेली नाही हे बघायचं आणि हाताला लागेल त्या पेनाने एक रेघ मारायची. तीन रेघा झाल्या की मोजायचं. मी सांगितलं, आम्ही एकच रात्र ठेवतो. सगळ्यांना एकच, त्यामुळे लिहायची गरज नाही.

मास्तरांनी हात पुढे करून वही चाचपली. 

"मोठे एका रात्रीत बसतात," ते म्हणाले. "बारक्यांना घाई नसते."

मी म्हटलं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. "सांगितलं असेन. तू घड्याळाकडे बघत असायचीस. लहान पोर होतं तुझं. म्हटलं, रेघा आहेत वहीत, अडेल तेव्हा विचारेल."

मी कसलंही अडू दिलं नाही कधी. सही घेतलीच नाही. उठले आणि निघाले. रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडत आले. अडेल तेव्हा विचारेल म्हणे. तोंड होतं ना? एक वाक्य बोलायला काय झालं होतं? आणि एका रात्रीत बसत नाहीत, हे सिद्ध कोणी केलंय? त्यांच्या मनाचं आहे सगळं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी माळ्यावरून माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. नवरा शिडी धरून उभा. काय शोधतेस, म्हणाला. माझ्या नळ्या अस्वच्छ होत्या का ते, म्हटलं.

ते पाच संशयास्पद सोमवार. तारखा दशांशने दिलेल्याच होत्या.

पहिला: 'लेकीला कांजिण्या. सोमवारी दुपारी पाणी ओतून घरी आले ती शुक्रवारीच गेले कामावर.' दुसरा: 'सासूबाईंचं ऑपरेशन. चार दिवस रजा.' तिसरा: लेकीला पुन्हा ताप. चौथा: माझाच पाय मुरगळला होता. पाचव्याला पाळणाघर मंगळवारपासून तीन दिवस बंद.

पाचपैकी पाच. पाचही वेळा नळ्या तीन-चार रात्री तशाच उभ्या राहिल्या, मी परत येऊन मोजलं, आकडा दुप्पट आला आणि मी स्वतःच्या हाताने त्यापुढे 'संशयास्पद' लिहिलं. एकदा तर लिहिलंय, 'नळी घासून घेतली, आता ठीक.'

नवऱ्याने विचारलं, मिळालं का? मिळालं, म्हटलं. 

१६ फेब्रुवारी, सोमवार

बोट साडेअकराला आली. एकाच बाटलीतलं पाणी दोन नळ्यांत ओतलं. एक उद्या नऊला मोजेन, दुसरी गुरुवारी. टेबलाला कोणी हात लावू नये म्हणून कागद चिकटवला. तासाभराने बाईंनी त्याच टेबलावर बैठकीची बिस्किटं ठेवली. मी बिस्किटं उचलून खिडकीत ठेवली आणि बाईंना जे बोलले ते त्या विसरतील अशी आशा आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली नळी. बारके २०९.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. नळीकडे बघत बसले. मास्तर तीन दिवस काय करत असतील, हा दशांशचा प्रश्न मला आज कळला. काही करायचं नसतं. तेच अवघड आहे.

पूर्वीच्या दोन मोजणाऱ्यांना फोन केले. एक म्हणाली, एक रात्र, पुस्तिकेप्रमाणे. किती तासांची रात्र? ते नाही आठवत. दुसरा म्हणाला, "खरं सांगू का, शेवटी शेवटी मी सकाळी ठेवून दुपारी मोजायचो. मोठे तर बसलेले दिसायचे." कोणत्या वर्षापासून? तेही नाही आठवत. कुठे लिहिलंय का? तो म्हणाला, "मॅडम, लिहायला रकाना कुठे होता?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी नळी. ४३२. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा ४२९.

दुप्पट. बरोब्बर दुप्पट. म्हणजे घसरण समुद्रात झालीच नव्हती, ती माझ्या नळीत झाली होती. आलेखात निम्मे, नळीत निम्मे, सगळं जुळतंय. जुळल्याचा एवढा तिटकारा मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या लेखावर माझं नाव पहिलं आहे.

उद्याच्या बैठकीत मी गप्प बसले तर कोणालाही कळणार नाही. मास्तरांना दिसत नाही. दशांशला संशय आहे, पुरावा नाही. बाईंना तर कळायलाच नको आहे. तासभर हाच विचार केला. तोही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, पाच सोमवार लिहिले आणि म्हटलं, 'वापरू नये' माझ्या बारक्यांपुढे लागायला हवं. मास्तरांच्या नाही. विसाव्या वर्षापासून आजपर्यंतच्या सगळ्या.

बाई म्हणाल्या, जरा थांबू या. थांबण्यात काय मिळणार, विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती चौकट दारात आहे." मग त्यांनी दशांशला विचारलं, सरळ दोनने गुणता येणार नाही का? मी त्याच्याकडे आशेने बघितलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, सगळ्यांनी सारखे तास ठेवले असते तर कदाचित काही करता आलं असतं. इथे तुमचे तास फक्त आठवणीत आहेत, लिहिलेले नाहीत, आणि पुढच्या दोघांचे तर कोणालाच माहीत नाहीत. नंतरचा उतार समुद्राचा की घाईचा, हेही सांगता येणार नाही.

 घसरण गेली ती गेली, उतारही गेला. तो रकाना मी ठेवला असता तर निदान चूक तरी लिहिलेली राहिली असती.

बैठकीनंतर दशांशने मला फोन केला. म्हणाला, "तुमच्या त्या पाच सोमवारांपुढे आता 'विश्वासार्ह' लावतो." मला हसू यायला लागलं, ते थांबेना, मग रडू आलं. तो बिचारा फोन धरून थांबला. पहिल्यांदाच त्याने काही टिपून घेतलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खुणा लावत्ये. दशांश म्हणाला, मी एका आज्ञेत सगळं करून देतो. नको म्हटलं. निदान पहिलं वर्ष मी हाताने करेन. बावन्न सोमवार, बावन्न वेळा 'वापरू नये'. प्रत्येक ओळीला आठवतं, त्या दिवशी पाचला निघाले होते, पोहोचले होते, ती खिडकीत होती. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा पाचलाच निघेन. हे मी लेकीला सांगितलं. घाईचं काही चुकलं नाही गं, म्हटलं, घाई केली हे लिहायला हवं होतं. ती म्हणाली, आई, मला काही कळलं नाही, पण मी ती बढती दोन वर्षं पुढे ढकलत्येय.

चौकट उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा तुकडा राहिलाय. बाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, हा एक फायदाच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांकडे गेले. या वेळी कागद न घेता.

त्यांना सांगितलं, तुमची एकोणीस वर्षं राहिली, जाणार आहेत ती माझी. माफी मागितली. त्यांनी हाताने हवेतच ते बाजूला सारलं. सुनेला म्हणाले, चहा टाक, साखर घाल आज. सून म्हणाली, डॉक्टरांना मी काय सांगू? ते म्हणाले, सांग की म्हातारा ऐकत नाही. मी कितीतरी आठवड्यांनी मोकळी हसले.

मग त्यांनी विचारलं, "आता किती आहेत?"

काय किती, विचारलं. "बारके. तीन रात्री ठेवलंस म्हणालीस ना. किती आले?"

मी सांगितलं. सोळा तारखेच्या पाण्यात चारशे बत्तीस. परवा दुसऱ्या आठवड्याचे मोजले, चारशे अठरा. एका रात्रीत दोनशे नऊ येत होते, तीन रात्रींत दुप्पट. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, मास्तर. मी अगदी उत्साहाने सांगत होते.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पन्नास चौकटींत?"

हो.

"फेब्रुवारीत?"

हो, म्हटलं.

"नीट बघ पुन्हा," ते म्हणाले. "फेब्रुवारीत माझे आठशेच्या खाली कधी गेले नाहीत."

कप हातात तसाच राहिला. मी इतके दिवस चारशे बत्तीस दोनशे नऊशेजारी ठेवून बघत होते. मास्तरांच्या आकड्याशेजारी एकदाही ठेवले नाहीत.

१ मार्च, रविवार

पहारेकऱ्याला विनवून केंद्र उघडायला लावलं. मास्तरांच्या एकोणीस वह्या टेबलावर ओळीने मांडल्या, सगळ्या फेब्रुवारीच्या पानावर. चार-चार सोमवार, प्रत्येकापुढे तीन रेघा. सर्वांत मोठा आकडा एक हजार साठ. सर्वांत लहान आठशे बारा.

गुरुवारचा चारशे अठरा.

दोन सोमवार म्हणजे पुरावा नव्हे, असं दशांश म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. मी दर सोमवारी तीन रात्री ठेवेन, निवृत्तीला सहा वर्षं आहेत, तोवर पुरेसे सोमवार होतील. पण मला आजच ठाऊक आहे. माझी भिंग लावायची पद्धत, हात, चौकटी, सगळं त्यांचंच आहे, नळीही तीच. बारके खरोखरच निम्मे झाले आहेत. चौकटीतल्या आलेखात मी दाखवलं होतं त्या वर्षी नाही झाले. नंतर केव्हातरी झाले, एकदम की हळूहळू, कशामुळे, हे आता जगातल्या कुठल्याच फाइलीतून निघणार नाही. त्या बावीस वर्षांत आमची बोट एकही सोमवार चुकली नाही आणि आम्ही दर आठवड्याला मोजत होतो.